पोचा पडलेलं ताट

फोटो काढायचे आहेत म्हटल्यावर आईने आदल्या रात्री सगळी भांडी घासून ठेवली.

पोटमाळ्यावरचा पितळी हंडा, दोन कळशा, पानाचा डबा, आजीची परात. वीस-पंचवीस वर्षं त्यांच्यावर काळपट हिरवा रंग चढत गेला होता आणि मला नेमका तोच हवा होता. फोनवर बजावलंही होतं, "वरचं काही हलवू नकोस, मी येऊन फोटो काढणार आहे." त्यातलं 'फोटो काढणार' एवढंच तिच्या कानात राहिलं. सकाळी मी बॅग खांद्याला लावून खोलीत शिरले तर चटईवर सगळा पितळी संसार रुखवतासारखा झळकत मांडलेला, आणि शेजारी आई बसलेली, चिंचेने बोटं काळी करून.

"अगं, हे काय केलंस?"

"का? फोटू काढायचा तर माणूस तोंड धुऊन बसतं न्हवं? मग भांड्यानं काय पाप केलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आमची खोली डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली. रस्त्याचं कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग, पण आमच्या तोंडी डिलाईल रोडच. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० साली सरकारने काढलेलं खातं. त्यानेच वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. चाळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाकडी कठड्याची गॅलरी येते. आमच्याकडे ती नाही. मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून संडास. उजेड येतो तो मागच्या खिडकीतून, तोही सकाळी साडेआठ ते साधारण अकरापर्यंत. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळायचंय. इमारती टप्प्याटप्प्याने रिकाम्या होतायत. आमचा नंबर लागला तेव्हा हातात सहा आठवडे होते. सहा रविवार, आणि रविवारी अडीच तास उजेड. मी हिशेब करून ठेवला होता. आईने चिंच भिजत घातली होती.

माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी रिटचर आहे. अंधेरीच्या एका स्टुडिओत वस्तूंचे फोटो काढले जातात, कॅटलॉगसाठी, ऑनलाइन दुकानांसाठी. ते माझ्याकडे साफ व्हायला येतात. पंधराएक वर्षांत मी सर्वात जास्त काय साफ केलं असेल तर भांडी. स्टीलच्या भांड्याचा फोटो काढणं ही एक शिक्षाच. ते भांडं स्वतः दिसायच्या आधी समोरचं सगळं दाखवतं: खिडकी, दिवा, कॅमेरा, कॅमेऱ्यामागचा माणूस, त्या माणसाचा लाल शर्ट. म्हणून आमचे फोटोग्राफर काळे कपडे घालून येतात. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक मारायला पोलरायझर नावाची फिरती काच लेन्सवर लावतात, पण उघड्या धातूवर तिचा काही उपयोग होत नाही. मग भांड्याभोवती बटर पेपरचा तंबू उभा करायचा, म्हणजे भांड्याला दिसायला पांढऱ्याशिवाय काही उरतच नाही. त्यातूनही जे उरतं, एखादा पोचा, बोटाचा ठसा, कडेला कॅमेऱ्याचं काळं टिंब, ते मी पुसते. गिऱ्हाइकाला चमक हवी असते, पण त्या चमकेत काही दिसलेलं चालत नाही.

तर तीच सवय घेऊन मी आईच्या खोलीत गेले. खिडकीला बटर पेपर चिकटवला, पिंपावर पाट ठेवला, पाटावर पांढरी चादर. आई कॉटवर बसून बघत होती.

"माणसांचं काढ की. माणसं ऱ्हायली बाजूला."

तिचंही बरोबर. आमच्या घरी फोटो म्हणजे माणसांचेच. काकाकडे आगफा क्लिक होता. त्यात रोल घातला की बारा फोटो, तेराव्याला जागा नाही. बारशाचे दोन, जत्रेचे तीन, आजोबांचा खुर्चीवर बसलेला एक (त्यांना त्यातच पुढे हार घातला). बारा फोटोंत तांब्याला कोण जागा देणार? जुन्या फोटोंत आमची भांडी दिसतात ती चुकून, माणसांच्या खांद्यामागे, मांडणीवर. हल्ली मी ते फोटो स्कॅन करून मोठे करते आणि माणसं बाजूला सारून मागची मांडणी वाचत बसते. माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत मागे अठरा ताटं उभी आहेत. मी मोजलीत. सहा माणसांचं घर आणि ताटं अठरा.

मुंबईत फोटोग्राफीचं वेड तसं जुनं. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे तिच्यातलं एक ठळक नाव. तेही डॉक्टर. त्या काळात इथल्या जातींचे, धंद्यांचे लोक समोर उभे करून त्यांचे फोटो काढायची रीत पडली, नारायण दाजींनीही ते काढले. असे फोटो बघताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. माणसाच्या हातात त्याच्या धंद्याची वस्तू असते, ती त्याची पाटी. वस्तूवरून त्याचा धंदा कळतो, पण नाव कुठे नसतं. आमच्या ताटांची गंमत बरोबर उलटी होती. नावं होती, माणसं नव्हती.

पण ताटांकडे येते नंतर. पहिल्या रविवारी मी बाकीचं उरकलं. स्टोव्ह, त्याची पिन, रॉकेलचं नरसाळं. बाबांचं मिलचं ओळखपत्र, ज्यातला फोटो इतका उडालाय की फोटोचा फोटो काढण्यात अर्थ नव्हता, तरी काढला. अडकित्ता. रेशनकार्डांची चळत. स्टीलचे उभे डबे, एकात एक बसणारे पाच.

डब्यांची कथा मला माहीत नव्हती. मी मधला डबा हातात घेतला तर आई म्हणाली, "ही तुझ्या बाबाच्या दोन पँटी. आणि तुझा शाळेचा फ्रॉक."

"कुठे?"

"आगं ह्यो डबाच. बोहारणीकडनं घेतला न्हवं का. ती एका पँटीत देईना. मग तुझा फ्रॉक घातला वर."

मग तिने सगळेच डबे सांगितले. मोठा म्हणजे काकाच्या लग्नातला कोट. त्याखालचा आजोबांचे सदरे आणि एक चादर. सगळ्यात धाकटा नुसत्या एका साडीत आला, पण साडी जरीची होती, आणि त्या व्यवहारात बोहारणीने आपल्याला फसवलं असं आई अजून मानते. मी पाचही डबे पांढऱ्यावर ओळीने ठेवून फोटो काढले. सुंदर आले. स्टुडिओत कोणीही शाबासकी दिली असती. त्यांत कुठेही पँट दिसत नाही.

ताटं निघाली दुसऱ्या रविवारी. पोटमाळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, गोणपाटात बांधलेली पाच. सगळं घासणाऱ्या माझ्या आईने ही मात्र जशीच्या तशी ठेवली होती, वर बोटभर धूळ.

"ही राहिली वाटतं?"

"ती आपली न्हाईत," आई म्हणाली.

आजी खाणावळ चालवायची. आम्ही पाटण तालुक्यातले. गावचे, आसपासच्या वाड्यांचे तरुण गडी मिलमध्ये लागायचे, बायकामुलं गावी, आणि इथे गाववाल्यांच्या खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपणार. त्यांच्या पोटाची सोय आमच्यासारख्या घरांत. गिरणगावात अशा घराघरांतल्या खाणावळी शेकड्यांनी होत्या आणि त्या सगळ्या बायकांच्या जिवावर चालायच्या. आजी ऐन भरात होती त्या दिवसांत, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरवांनी याच बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. आजी त्यात गेली नाही. कर्ज या शब्दालाच भ्यायची. तिचा सगळा भरवसा कोपऱ्यावरच्या वाण्यावर आणि स्वतःच्या पाटल्यांवर.

आमच्याकडे अठरा मेंबर. खाणावळीत त्यांना मेंबरच म्हणतात. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रातपाळीचे, म्हणजे चूल दिवसभर विझायची नाही. सहा-सहाची पंगत, खोलीत आणि दारासमोर पॅसेजमध्ये. भाकरी, एक भाजी, डाळ, भात. रविवारी फिस्ट, म्हणजे मटण. कोणी गावी गेला, आजारी पडला तर त्याचा खाडा धरायचा. आई सातवी शिकलेली, म्हणून खाडे मांडायचं काम नव्या सुनेकडे आलं. हिशेब पगाराच्या दिवशी चुकता. आणि ताट ज्याचं त्याने आणायचं, त्यावर नाव घालून. दुकानात भांडं घेतलं की तिथेच तो करकरणाऱ्या मशीनने नाव घालून द्यायचा, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, नावाखाली बहुधा गावाचं पहिलं अक्षर. आमच्या पाच ताटांवर अशीच तीन-तीन, चार-चार अक्षरं आहेत.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मी तेव्हा आठ वर्षांची. मला आठवतं ते एवढंच की भोंगा वाजायचा बंद झाला आणि आजी सकाळी उठायची चुकायला लागली. पहिला महिना सगळे जेवायला होते. दुसरा होता. मग एकेक करत माणसं गावी जायला लागली, शेतीची कामं आहेत म्हणून. परत येणारे कमी. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, म्हणजे कागदोपत्री तो अजून मिटलेला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ती पाच ताटं ठेवून गेलेल्यांनी जाताना आजीला म्हणे असं सांगितलं होतं: "ताट ऱ्हाऊ द्या मावशी, संप मिटला की येतो." शब्द कोणी मोडलेला नाही म्हणायचं.

आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. मीही कॉलेजात, ऑफिसात, नवऱ्याला लग्नाआधी अशीच सांगितलेली. फोटोखाली काय लिहायचं तेही ठरवून टाकलं होतं.

ताटांवरची अक्षरं घासूनघासून पुसट झालेली. अशी अक्षरं वाचायची तर समोरून उजेड टाकून उपयोग नाही. दिवा अगदी खाली, ताटाच्या पातळीला आणून आडवा उजेड टाकायचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या कडेला सावली पडते आणि नाव उठून येतं. मी मोबाइलचा टॉर्च पाटाच्या कडेला टेकवला, बाकी बटर पेपरने झाकलं, आणि ताटामागून ताट वाचत गेले. सुरेख आली अक्षरं. वर चढलेली धूळ मी हळूच पुसली होती, उरलेले ओरखडे घरी जाऊन थोडे कमी केले, गोलाई नीट केली, सवयीने. पुढच्या रविवारी लॅपटॉप उघडून आईला दाखवले.

तिने बराच वेळ पाहिलं. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"ह्यात पोचा कुठं गेला?"

"कसला पोचा?"

"आगं ह्या ताटाला बुडात पोचा हाय. ह्याला काठाला दोन हायेत. तू काय दुकानात नेऊन ठोकून आणलीस का काय?"

मी गोणपाटातून ताटं पुन्हा काढली. खरंच होते. मी स्वतः आठवडाभर ते फोटो मोठे करून बघत होते आणि मला दिसले नव्हते, कारण चारी बाजूंनी सारखा पांढरा उजेड पडला की पोचा दिसतच नाही. त्यातून जो थोडा दिसत होता तो बहुधा मीच पुसला असणार, 'गोलाई नीट केली' म्हणाले ना, तेव्हा.

"तुझ्या आजीला कुठं वाचता येत हुतं," आई म्हणाली. "तिला अक्षर काय दाखवतीस? अंधारात ताटाच्या बुडावरनं हात फिरवायची न् सांगायची, हे ह्याचं, हे त्याचं. लाईट गेली तरी एकाचं ताट दुसऱ्याला गेलं न्हाई कधी."

आणि मग तिने बुडाला पोचा असलेल्या ताटाचं सांगितलं. तोवर कधी सांगितलं नव्हतं. का नव्हतं, विचारलं तर म्हणाली, कोणी विचारलं?

संपाचा तिसरा महिना. वाण्याने उधारी बंद केलेली, आजीच्या पाटल्या सराफाकडे गेलेल्या. डाळीत पाणी वाढत चाललं होतं. एका रात्री एका मेंबरने ताटाकडे पाहिलं आणि ते उचलून पॅसेजमध्ये भिरकावलं. "ही डाळ हाय का मोरीचं पाणी?" असं काहीतरी ओरडला. ताट समोरच्या दाराच्या चौकटीवर आपटलं. सगळी पंगत गप्प. आजी उठली, ताट उचलून आणलं, विसळलं, आणि त्यातच त्याला परत वाढलं. तीच डाळ. तो जेवला. बूड फुगलेलं, त्यामुळे घास घेताना ताट डुलत होतं, आणि त्या शांततेत त्याचाच आवाज येत होता.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिशी परत आला जेवायला. जाईल कुठं? गावी गेला पावसाच्या तोंडावर."

"तोच म्हणाला होता ना, संप मिटला की येतो?"

"तोच आसंल. का तो दुसरा, रातपाळीवाला..." आई थांबली. "आणि तसं कोन म्हणलं बी नसंल. तिनंच ठेवून घेतली ताटं. तीन-तीन महिन्याची उधारी हुती ह्या पाच जणांची."

मी गप्पच झाले. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट अशी हातातून निसटली की माणूस आधी वाद घालतो. मीही घातला. एका ताटाचे मोडीत कितीसे येणार होते? त्यावर तीन महिन्यांची उधारी कोण अडकवून ठेवतं?

"तीच तर. म्हणायची, पैसं द्यायला कोण येनार न्हाई, ताट न्यायला तरी येतील." मग थोड्या वेळाने, "असं म्हणायची. मला इचारशील तर रागानं ठेवली. पाटल्या गेल्या हुत्या तिच्या."

यातलं खरं काय ते ठरवायला आता कोणी नाही. आजी १९९६ मध्ये गेली. बाबा त्याआधीच. मिल सुटल्यावर ते एका इमारतीत वॉचमन होते आणि खाणावळीचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे.

चौथ्या रविवारी मी खिडकीवरचा बटर पेपर काढून टाकला.

पोचा दिसायचा असेल तर ताटाला समोरचं काहीतरी दिसावं लागतं. खिडकीचे गज सरळ असतात. ताटात ते सरळ उतरतात आणि जिथे पोचा येतो तिथे वाकतात. म्हणजे जे प्रतिबिंब मारण्याचा मी पगार घेते, तेच आता मला हवं होतं. ताट पिंपाला टेकवून उभं केलं, तोंड खिडकीकडे. तर नवीनच पंचाईत. ताटावर फोकस केला की ओरखडे स्वच्छ आणि गज धूसर. गजांवर फोकस केला की ताट धूसर. प्रतिबिंब ताटाच्या पत्र्यावर नसतंच, ते ताटाच्या पलीकडे तितकंच लांब असतं जितकी खिडकी अलीकडे. दोन्ही हवं तर लेन्सचं भोक अगदी बारीक करायचं, एफ सोळा, आणि मग उजेड पुरत नाही म्हणून शटर सेकंदभर उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात खोलीत काही हलता कामा नये. पंखा बंद. दोरीवरचे कपडे काढले. आई कॉटवर होती, तिला म्हटलं हलू नकोस.

"श्वास सोडू का?"

"सोड, पण हळू."

कॅमेऱ्याला ट्रायपॉड होता तरी मीही का कोण जाणे श्वास धरला. खालून फुलवाला ओरडत गेला. त्याचा आवाज काही फोटोत येणार नव्हता.

त्या फोटोत काय काय आहे ते मी अजून शोधते आहे. मधोमध तीन अक्षरं, आडवा उजेड नसल्याने जेमतेम. त्यांच्या खाली-वर बारीक ओरखड्यांची चक्रं, राखेने आणि काथ्याने घासल्याची. खिडकीचे सात गज. गजांपलीकडे लोअर परळचा एक काचेचा टॉवर, जिथे पूर्वी काय होतं ते डिलाईल रोडवर कोणाला सांगावं लागत नाही. हा टॉवर ताटात वरून सरळ खाली येतो आणि बुडाजवळ, पोचा आहे तिथे, गुडघ्यात मोडल्यासारखा बाजूला वळतो. डाव्या काठावर हिरवा ठिपका, म्हणजे आई. आणि मी, तिपाईमागे वाकलेली, लाल कुर्त्यात. काळा घालायचं सुचलंच नव्हतं.

स्टुडिओत हा फोटो कोणी दिला असता तर मी परत पाठवला असता.

"आता दिसतोय का पोचा?" आईला विचारलं.

"दिसतोय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू केवढी बारीक दिसतीस ह्यात."

अक्षरांचे फोटो मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दोन दिवस गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यांच्या गर्दीत ते वर सरकत गेले. एकाने हात जोडले. एकाने लिहिलं की अक्षरं आमच्या थोरल्या चुलत्यांची वाटतात, पण चुलते डिलाईल रोडला नव्हते, लालबागला होते. तिसऱ्याने विचारलं, ताटं विकायची आहेत का. पोच्याचा फोटो मी टाकला नाही. टाकायला बोट गेलं होतं. पण त्या माणसाच्या मुलानातवांपैकी कोणी ग्रुपवर असेल तर काय लिहायचं त्याखाली? तुमच्या आजोबांनी ताट फेकलं होतं, असं?

खोली आवरायला लागलो तेव्हा आई बोलता बोलता म्हणाली, "एवढं समदं फोटू काढलेस, आता वस्तुसंग्रहालय काढणार का काय?" चेष्टाच होती, पण मला पुण्याचं केळकर संग्रहालय आठवलं. शाळेच्या सहलीत नेलं होतं आम्हाला. अडकित्ते, दिवे, पानदानं, कुलपं, आणि आम्ही चाळीतल्या पोरी खिदळत होतो की हे तर आमच्या घरी आहे, याला तिकीट कशाला. दिनकर केळकरांनी ते सगळं राजा या आपल्या मुलाच्या नावाने उभं केलं, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, हे मला फार उशिरा कळलं. त्या अडकित्त्यांतला एकही राजाचा नव्हता. दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तूंनी त्यांनी आपल्या मुलाची जागा भरत नेली. त्या दिवशी हे सगळं आईला सांगावं असं वाटलं, पण ती हंडा भंगारवाल्याला द्यायचा की नाही यावर काकूशी भांडत होती.

हंडा दिला. कळशाही दिल्या. नव्या घरात पितळ कोण घासणार, आई म्हणाली, जणू आदल्या महिन्यात चिंच लावून दुसऱ्याच कोणी घासलं होतं. भंगारवाल्याने काटा लावला, परात टाकली, डबे मात्र आईने हातात धरून ठेवले. ताटांवर त्याची नजर गेली. "स्टील किलोवर जाईल, मावशी." आईने गोणपाट पायाने मागे सरकवलं. काही बोलली नाही. बोलेल म्हणून मी वाट बघत होते.

नवं घर होईपर्यंत आई डोंबिवलीत, माझ्याच सोसायटीत एका भाड्याच्या वन आरकेत आली आहे. पहिल्या रविवारी काका-काकू आणि त्यांची मुलं जेवायला. माणसं आठ, ताटं चार, बाकी अजून खोक्यात. मी माझ्या घरून आणते म्हणेपर्यंत आईने गोणपाट सोडलंही होतं. ताटं विसळली, पुसली. वाढायच्या आधी प्रत्येकाच्या बुडावरून हात फिरवला, आणि एकेक पुढे सरकवत गेली. कोणतं कोणाला, हे तिचं ती ठरवत होती. काकाला काठाला दोन पोचे असलेलं. आठव्या पानावर मी.

जुन्या खोलीत लादी इतकी झिजलेली होती, कुठे खड्डा कुठे उंचवटा, की त्यावर कुठलंच ताट कधी नीट बसलं नाही, त्यामुळे कोणतं डुलतंय ते कळायचंही नाही. इथे टाइल्स आहेत, आरशासारख्या सपाट. मी भाकरीचा तुकडा मोडायला बोटं टेकवली तर ताट एका बाजूला कललं, टक्. डाळ त्या बाजूला वाहत गेली. हात उचलला, परत टक्.

काकाने मान वर केली. आई वाढतच होती.

"डाळ घे अजून," ती म्हणाली. "घट्ट आहे आज."